शारीरिक क्षमता चाचणीचे बदलते निकष आणि निवडीतील न्याय : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

सैन्यदल आणि पोलीस दल या दोन्ही सेवांमध्ये प्रवेश, बढती व पुढील प्रशिक्षणासाठीची निवड या तिन्ही टप्प्यांवर शारीरिक क्षमता चाचणीला निर्णायक महत्त्व असते. ही चाचणी वस्तुनिष्ठ मानली जाते. घड्याळ आणि फीत यांना जात, भाषा वा ओळख समजत नाही, असा त्यामागील विश्वास आहे. परंतु किती अंतर धावायचे, किती सेकंदांना किती गुण द्यायचे, मैदानी चाचणी लेखी परीक्षेपूर्वी घ्यायची की नंतर, हे घड्याळ ठरवीत नाही. ते शासन व सेनाप्रशासन ठरविते. गेल्या दशकात हे निर्णय वारंवार बदलले आहेत. प्रत्येक बदलाबरोबर निवडल्या जाणाऱ्या उमेदवारांचे स्वरूपही बदलते. मात्र या अंगाची चर्चा फारशी होत नाही.

नंदुरबार जिल्ह्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून साक्षरतेचे प्रमाण सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होते. उद्योगधंद्यांची वाढ मर्यादित असलेल्या अशा जिल्ह्यात पोलीस भरती व सैन्यभरती हे पदवीपूर्व आणि पदवीच्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे मोठे आशास्थान आहे. प्रस्तुत लेखात शारीरिक चाचणीच्या निकषांतील बदलांची चिकित्सा करून त्यांचा निवडीवर, सेवांतर्गत बढतीवर व प्रशिक्षणाच्या संधीवर होणारा परिणाम तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

‘योग्यता’ या संकल्पनेचा पूर्वेतिहास

सैनिकी योग्यतेचा निकष हा नेहमीच शरीरापुरता मर्यादित होता, असे इतिहास सांगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सेनाप्रशासनाने ‘लढवय्या जाती’चा सिद्धान्त स्वीकारला आणि महार समाजाची सैन्यभरती बंद झाली. ज्यांनी मुंबई इलाख्याच्या लष्करात पिढ्यान्‌पिढ्या सेवा केली होती, ते एकाएकी अयोग्य ठरले. त्यांच्या शरीरात काही बदल झाला नव्हता. बदलला होता तो निकष. गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास या निर्णयाविरुद्ध अर्ज तयार केला. महार रेजिमेंटची उभारणी मात्र १९४१ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून झाली.

खानदेशाचा अनुभव याच्या उलट बाजूने बोलका आहे. नंदुरबारचा प्रदेश तेव्हा खानदेशात मोडत असे. १८२५ मध्ये माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दीत जेम्स औट्रम याने भिल्लांचे स्वतंत्र दल उभारले. त्याचे ठाणे धरणगाव येथे होते. ज्यांच्याशी सरकारचा संघर्ष चालू होता त्यांनाच शिपाई करून मुलूख शांत करण्याचे ते धोरण होते. पुढे हे दल पोलीस व्यवस्थेत विलीन झाले. भिल्ल हा जात्याच चपळ व काटक, म्हणून डोंगराळ मुलखातील बंदोबस्तास योग्य, ही समजूत या काळात रूढ झाली. ही स्तुती वरकरणी गौरवाची असली तरी तिने त्या समाजाची जागाही ठरवून टाकली. आजही ‘आदिवासी मुले मैदानात पुढे असतात, लेखीत मागे पडतात’ हे विधान महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांतून सहज ऐकू येते. निकषांची चर्चा करताना हा वारसा दृष्टीआड करता येत नाही.

पोलीस भरतीतील बदलांची वाटचाल

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पूर्वी पुरुष उमेदवारांना ५ किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईतील भरतीच्या वेळी धावताना कोसळलेल्या काही उमेदवारांचा मृत्यू झाला. त्यानंतर पुरुषांसाठीचे अंतर ३ किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले आणि पुढे पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर ही अंतरे रूढ झाली. या काळात मैदानी चाचणी १०० गुणांची व लेखी परीक्षा १०० गुणांची होती. धावण्याबरोबर गोळाफेक, लांब उडी आणि पुरुषांसाठी पुलअप्स यांचाही समावेश असे.

जानेवारी २०१९ मध्ये नियमांत मूलभूत बदल झाला. लेखी परीक्षा आधी आणि मैदानी चाचणी नंतर, असा क्रम ठरला. मैदानी चाचणीचे गुण १०० वरून ५० वर आले. लांब उडी व पुलअप्स वगळण्यात आले. २०२१ मधील भरती या नियमांनुसार झाली. जून २०२२ मध्ये क्रम पुन्हा उलटविण्यात आला : आधी ५० गुणांची मैदानी चाचणी, तीत किमान ५० टक्के गुण, आणि मैदानी गुणांच्या आधारे एका जागेस दहा या प्रमाणात उमेदवारांना १०० गुणांच्या लेखी परीक्षेस प्रवेश. १६०० मीटर धावेला २० गुण, १०० मीटर धाव व गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण अशी विभागणी झाली.

याच सुमारास सैन्यभरतीचा प्रवास नेमका विरुद्ध दिशेने झाला. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. तिच्या पहिल्या वर्षी मेळाव्यात धाव, वैद्यकीय तपासणी आणि नंतर लेखी परीक्षा असा जुनाच क्रम होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये सैन्यदलाने संगणकाधारित सामाईक प्रवेश परीक्षा आधी घेण्याचे ठरविले. म्हणजे अवघ्या आठ महिन्यांच्या अंतराने राज्याने मैदान पुढे आणले आणि सैन्याने लेखी परीक्षा पुढे आणली. धडगाव किंवा मोलगी परिसरातील एकच तरुण साधारणतः दोन्ही भरतींची तयारी करीत असतो. त्याच्यासमोर एकाच वर्षात परस्परविरोधी दोन रचना आल्या. दोन्ही निर्णयांना प्रशासकीय सोयीची कारणे होती. परंतु उमेदवाराच्या तयारीचा विचार दोन्हींच्या केंद्रस्थानी होता, असे म्हणता येत नाही.

भारांश आणि क्रम : तांत्रिक की धोरणात्मक?

भारांशातील बदलाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका उमेदवारास मैदानी चाचणीत ९० टक्के व लेखीत ५५ टक्के गुण आहेत; दुसऱ्यास मैदानीत ७० टक्के व लेखीत ७२ टक्के. दोन्ही चाचण्या १०० गुणांच्या असताना पहिल्याची बेरीज १४५ आणि दुसऱ्याची १४२ होते. पहिला निवडला जातो. मैदानी चाचणी ५० गुणांची होताच पहिल्याची बेरीज १०० आणि दुसऱ्याची १०७ होते. दुसरा निवडला जातो. दोघांपैकी कोणाच्याही पायांत वा बुद्धीत तसूभर फरक पडलेला नसताना नोकरी एकाकडून दुसऱ्याकडे जाते.

क्रमाचेही तसेच आहे. मैदानी चाचणी आधी असेल तर ती चाळणीचे काम करते आणि तिचे गुण अंतिम बेरजेतही मिळविले जातात. म्हणजे एकाच कामगिरीचा दोनदा हिशेब होतो. लेखी परीक्षा आधी असेल तर हेच स्थान लेखीला प्राप्त होते. अक्राणी, अक्कलकुवा या तालुक्यांतील अनेक उमेदवारांची मातृभाषा पावरी, भिली वा अन्य आदिवासी बोली असते. त्यांनी प्रमाण मराठी शाळेत दुसरी भाषा म्हणूनच आत्मसात केलेली असते. लेखी परीक्षेतील मराठी व्याकरणाचे प्रश्न त्यांच्या दृष्टीने वेगळ्या अर्थाने कठीण ठरतात. त्यामुळे लेखीची चाळणी आधी लावणे हा तटस्थ निर्णय राहत नाही.

तथापि यावरून मैदान आधी घेतले की आदिवासी उमेदवारास आपोआप न्याय मिळतो, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. १६०० मीटर धावेसाठी दम लागतो. परंतु १०० मीटर धाव आणि गोळाफेक यांत तंत्राचा वाटा मोठा असतो. आखलेली धावपट्टी, योग्य वजनाचा गोळा, सुरुवात कशी घ्यावी हे दाखविणारा मार्गदर्शक आणि पुरेसा आहार यांवाचून हे गुण मिळत नाहीत. या गोष्टी शहरातील खासगी भरतीपूर्व प्रशिक्षण केंद्रांत शुल्क भरून मिळतात. सातपुड्याच्या उतारावर वाढलेला मुलगा ‘जात्याच’ धावपटू असतो, ही समजूत त्याच्या सरावाची, उपासमारीची आणि खर्चाची दखलच घेत नाही. कुपोषण व रक्तक्षय हे या जिल्ह्याचे जुने प्रश्न आहेत. ज्या मुलाने बालपणी ते सोसले त्याच्याकडून अठराव्या वर्षी नैसर्गिक काटकपणाची अपेक्षा धरणे हा विरोधाभास आहे.

किमान क्षमता आणि गुणानुक्रम यांतील गल्लत

शारीरिक चाचणीचे दोन भिन्न हेतू असू शकतात. सेवेसाठी आवश्यक तेवढी क्षमता उमेदवारात आहे की नाही, हे पाहणे हा पहिला. उमेदवारांची एकमेकांशी तुलना करून क्रमवारी लावणे हा दुसरा. पहिल्या हेतूसाठी उत्तीर्ण वा अनुत्तीर्ण एवढा निर्णय पुरतो. दुसऱ्यासाठी सेकंदागणिक गुण द्यावे लागतात. २०२३ च्या सुमारास अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांत पार करणाऱ्यास ६० गुण, तर ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत येणाऱ्यास ४८ गुण होते. त्यापुढे एक सेकंद लागला तरी उमेदवार बाहेर पडत असे. पुढे ही मर्यादा शिथिल करण्यात आली. पंधरा सेकंदांचे बारा गुण आणि सोळाव्या सेकंदाला शून्य, हे प्रमाण कोणत्या सैनिकी गरजेतून निघाले, याचे स्पष्टीकरण उमेदवारांपर्यंत कधी पोहोचले नाही. मर्यादा शिथिल झाल्यावर जे पात्र ठरले, तेवढ्याच वेळेत धावलेले आदल्या वर्षीचे उमेदवार अपात्र का होते, हा प्रश्न त्यातून उरतोच.

महाराष्ट्रातच या दोन हेतूंमधील फरक ओळखला गेल्याचे उदाहरण आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने अलीकडच्या वर्षांत पोलीस उपनिरीक्षक पदाची शारीरिक चाचणी केवळ अर्हताकारी ठरविली आणि १०० पैकी किमान ६० गुणांची अट घातली. ते गुण अंतिम यादीत धरले जात नाहीत. शिपायाच्या बाबतीत मात्र मैदानी गुण गुणानुक्रमात कायम राहिले. एकाच खात्यात अधिकाऱ्यासाठी शारीरिक क्षमता ही अट आणि शिपायासाठी ती स्पर्धा, या भेदाचे समर्थन कामाच्या स्वरूपावरून कदाचित करता येईल. परंतु ते जाहीरपणे केले जाणे आवश्यक आहे.

या संदर्भात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९९ मधील मेयोरिन खटला विचारात घेण्याजोगा आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वणवा विझविणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी २.५ किलोमीटर अंतर ११ मिनिटांत धावण्याची अट नव्याने लागू झाली. आधीपासून समाधानकारक काम करणारी एक महिला कर्मचारी ४९.४ सेकंदांनी मागे पडली आणि तिची नोकरी गेली. एवढ्या वेगाशिवाय ते काम सुरक्षितपणे होऊच शकत नाही, हे शासनाला सिद्ध करता आले नाही. न्यायालयाने तो निकष भेदभावाचा ठरविला. निकष कठोर असण्याला न्यायालयाचा आक्षेप नव्हता. कामाशी त्याचा संबंध दाखविता येत नाही, हा आक्षेप होता.

सेवेतील चाचणी : बढती व प्रशिक्षणाची संधी

भरतीनंतरही चाचणी सैनिकाची पाठ सोडत नाही. भारतीय सैन्यात दीर्घकाळ चालत आलेल्या बीपीईटी या युद्धक्षमता चाचणीत पूर्ण साहित्य व रायफल घेऊन ५ किलोमीटर धाव, ६० मीटर वेगधाव, दोरावर चढणे, आडव्या दोरावरून जाणे आणि ९ फुटी खंदक ओलांडणे यांचा समावेश राहिला आहे. वयोगटानुसार श्रेणी ठरते. शिपायाचा नाईक व नाईकाचा हवालदार होताना बढतीपूर्व प्रशिक्षण, वैद्यकीय श्रेणी, सेवा-अहवाल यांबरोबर या चाचण्याही पाहिल्या जातात. महू येथील इन्फन्ट्री स्कूल किंवा बेळगाव येथील कमांडो प्रशिक्षण यांसारख्या अभ्यासक्रमांना पाठविण्यासाठी तुकडी ज्यांची निवड करते, त्यांतही शारीरिक श्रेणीला महत्त्व असते. त्या अभ्यासक्रमातील यश पुन्हा बढतीस उपकारक ठरते. अशा रीतीने एका चाचणीतील श्रेणीचा परिणाम साखळीप्रमाणे पुढे जातो. नाईक व हवालदार यांचा सेवाकाळ शिपायापेक्षा अधिक असतो. म्हणून बढती म्हणजे केवळ बाहीवरची फीत नव्हे, तर कुटुंबाच्या उत्पन्नाची आणखी काही वर्षे आणि अधिक निवृत्तिवेतन होय.

२०२४ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार सैन्यदलाने या चाचण्यांना लांब पल्ल्याचे पदभ्रमण व पोहण्याची चाचणी यांची जोड दिली, प्रत्येकाच्या क्षमतेची नोंदपत्रिका ठेवण्याचे ठरविले, मूल्यमापनासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मंडळ नेमले आणि अतिरिक्त वजन असणाऱ्यांना सुधारणेसाठी ३० दिवसांची मुदत दिली. हे निकष शिपायांप्रमाणे अधिकाऱ्यांनाही लागू होते, ही त्यातील स्वागतार्ह बाब. अग्निवीरांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक तीव्र आहे. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांनाच कायम सेवेत घेण्याची तरतूद या योजनेत करण्यात आली आणि त्यासाठीच्या मूल्यमापनात शारीरिक चाचण्यांचाही समावेश आहे. येथे चाचणी बढती ठरवीत नाही. नोकरी राहणार की जाणार, हे ठरविण्यात ती सहभागी होते. सेवेच्या मध्यावर निकष बदलल्यास त्याची किंमत किती मोठी असेल, हे यावरून लक्षात यावे.

बदल करण्याची पद्धत : एक तुलना

अमेरिकी सैन्याचा अनुभव या दृष्टीने उपयुक्त आहे. १९८० पासून चालत आलेली तीन प्रकारांची चाचणी बदलून तेथे सहा प्रकारांची नवी चाचणी आणण्यात आली. प्रारंभी स्त्री-पुरुष व सर्व वयोगटांना एकच निकष ठेवण्याचा मानस होता. संक्रमणकाळात गुणांची नोंद झाली, परंतु अनुत्तीर्ण होणाऱ्यांवर प्रतिकूल कारवाई करण्यात आली नाही. रँड या संस्थेच्या २०२२ मधील अहवालात महिला व वयस्क सैनिकांच्या अनुत्तीर्णतेचे प्रमाण अधिक असल्याचे दिसून आले. त्यानंतर वय व लिंग यांनुसार गुणतक्ते लागू झाले. १ जून २०२५ पासून पुन्हा पाच प्रकारांची चाचणी आली आणि लढाऊ शाखांसाठी लिंगनिरपेक्ष निकष ठरले. म्हणजे तेथेही निकष स्थिर नाहीत आणि त्यांवर वादही आहेत. मात्र आकडेवारी प्रकाशित करणे आणि बदलाचे परिणाम लागू होण्यापूर्वी अवधी देणे, ही पद्धत अनुकरणीय आहे.

भारतात न्यायालयीन संरक्षण आहे, परंतु ते मर्यादित आहे. तेजप्रकाश पाठक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये असा निर्णय दिला, की नियमांत वा जाहिरातीत तशी तरतूद नसेल तर भरतीप्रक्रिया सुरू झाल्यानंतर पात्रतेचे निकष मध्येच बदलता येत नाहीत. परंतु प्रक्रियेचा प्रारंभ जाहिरातीपासून मानला जातो. ग्रामीण उमेदवाराची तयारी मात्र जाहिरातीच्या दोन-तीन वर्षे आधी सुरू झालेली असते. लांब उडी व पुलअप्स यांवर वर्षभर घाम गाळलेल्या मुलासमोर नवी जाहिरात येते आणि ते प्रकारच वगळलेले असतात. कायद्याच्या दृष्टीने येथे कोणताही भंग झालेला नसतो. त्याची गेलेली वर्षे मात्र परत येत नाहीत, कारण वयोमर्यादा पुढे सरकत नाही.

आरोग्याचा दुर्लक्षित प्रश्न

नंदुरबारसारख्या जिल्ह्यात चाचणीच्या कठोरतेची चर्चा सिकलसेलचा उल्लेख केल्यावाचून पूर्ण होत नाही. जिल्ह्यातील आदिवासी समाजांत या आनुवंशिक दोषाचे वाहक मोठ्या प्रमाणावर आढळतात. वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी असते. पण उन्हात, पाण्यावाचून आणि पूर्वसरावाशिवाय केलेल्या टोकाच्या श्रमात तिला धोका संभवतो. अमेरिकी सैन्यातील नवप्रविष्टांचा १९८७ मधील अभ्यास कृष्णवर्णीय वाहकांत श्रमजन्य आकस्मिक मृत्यूचा धोका अनेक पटींनी अधिक असल्याचे दाखवितो. २०१६ मधील दुसऱ्या मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र आश्वासक आहे. सर्वांसाठी पाणी, विश्रांती व उष्णतेबाबतची दक्षता पाळणाऱ्या सैन्यात वाहकांच्या मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या अधिक आढळले नाही. स्नायूंच्या विघटनाचा धोका मात्र काहीसा वाढलेला दिसला. याचा अर्थ वाहकांना वगळणे हा उपाय नव्हे. चाचणी घेण्याची पद्धत सुधारणे हा उपाय होय. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानातील तपासणीचा उपयोग उमेदवारास सावध करण्यासाठी व्हावा, अपात्र ठरविण्यासाठी नव्हे.

प्रतिपक्षाचा विचार

निकष वारंवार बदलण्यामागे प्रशासनाच्या खऱ्या अडचणी आहेत, हे मान्य करावे लागेल. एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. सर्वांची मैदानी चाचणी घेण्यास मनुष्यबळ पुरत नाही. उमेदवारांना परगावी पदपथावर रात्र काढावी लागते. २०१४ च्या दुर्घटनेनंतर अंतर कमी करणे आवश्यकच होते. युद्धाचे स्वरूप बदलले की सैनिकाची चाचणीही बदलली पाहिजे. म्हणून निकष कायमचे गोठवून ठेवावेत, अशी मागणी करणे अव्यवहार्य ठरेल. आक्षेप बदलाला नाही. कारण न सांगता, अवधी न देता आणि परिणाम न मोजता केलेल्या बदलाला तो आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शारीरिक चाचणीचा क्रम व भारांश हे तांत्रिक तपशील नसून कोणाची निवड व्हावी याविषयीचे धोरणात्मक निर्णय आहेत. म्हणून ते कारणांसह जाहीर झाले पाहिजेत. किमान क्षमता तपासणे आणि क्रमवारी लावणे या दोन हेतूंची फारकत करावी, आणि गुणानुक्रमासाठी सेकंदांचा वापर करावयाचा असेल तर त्याचा प्रत्यक्ष कामाशी संबंध दाखवावा. भरतीच्या निकषांतील बदल किमान एक वर्ष आधी घोषित करावा. सेवेतील बदलांना संक्रमणकाळ असावा आणि त्या काळातील निकालांमुळे बढती वा प्रशिक्षणाची संधी नाकारली जाऊ नये. प्रत्येक भरतीनंतर जिल्हा, लिंग व प्रवर्ग यांनुसार मैदानी व लेखी निकालांची आकडेवारी प्रकाशित झाल्यास बदलांचा परिणाम अनुमानाने नव्हे, तर पुराव्याने सांगता येईल.

महाविद्यालयांची जबाबदारीही यातून सुटत नाही. शारीरिक शिक्षण विभाग व राष्ट्रीय छात्रसेना यांनी विद्यार्थ्यांच्या धावेच्या वेळांची वर्षानुवर्षे नोंद ठेवली, मराठी व गणित विभागांनी भरतीच्या लेखी परीक्षेसाठी बोलीभाषक विद्यार्थ्यांचे स्वतंत्र वर्ग घेतले आणि सरावापूर्वी आरोग्य तपासणीची सोय केली, तर क्रम कोणताही असला तरी विद्यार्थी एकाच अंगावर विसंबून राहणार नाही. ‘आपली मुले मैदानात चांगली’ या समाधानात लेखीकडे झालेले दुर्लक्ष दडलेले असते, आणि त्याचा वाटा शासनाइतकाच महाविद्यालयांकडेही जातो. घड्याळ तटस्थ असते हे खरे. पण ते कोठे, केव्हा आणि कोणत्या अंतरासाठी लावायचे हे ठरविणारे तटस्थ असतातच असे नाही. म्हणूनच त्यांच्या निर्णयांची चिकित्सा होत राहणे अगत्याचे आहे.